डब्यात सगळी आपलीच माणसं

‘आपली माणसं’ असं कुणी जिव्हाळ्याने म्हणालं की मला उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटतं. तिथे निदान भांडी तरी आपटता येतात. दुबईजवळच्या अजमानच्या आमच्या घरी रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर कुणी ना कुणी चहाला येतं, आणि पहिला घोट पोटात जायच्या आत हे दोन शब्द बाहेर पडतात. परक्या देशात शेवटी आपली माणसंच कामाला येतात, आपल्या माणसांना धरून राहावं, वगैरे. बोलणारे बहुतेक वसईचे, आमच्याच आसपासच्या गावांतले, त्यातले निम्मे लांबचे नातलग. मी हसून बिस्किटं पुढे करते. या माणसांनी माझ्या नवऱ्याची काय दशा केली होती ते मी विसरलेले नाही, आणि त्यांना ते आठवतही नाही.

नवरा दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात बॅन्क्वेट कॅप्टन. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांची जेवणं असली की हॉलची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. स्वभावाने गरीब, जरा जास्तच. कुणी रागावलं तर आधी माफी मागतो आणि मग काय झालं ते विचारतो. त्या वर्षी एका जैन कुटुंबाच्या लग्नाचं दुपारचं जेवण होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तिथे नवरीच्या आजीच्या ताटात पनीरच्या भाजीतून कोंबडीचं बारीकसं हाड निघालं. म्हातारी ताटावरून उठली ती थेट गाडीत जाऊन बसली. पुढे जे व्हायचं ते झालं. वऱ्हाडी व्यासपीठासमोर उभे राहून ओरडत होते आणि माझा नवरा हात जोडून त्यांच्यासमोर उभा होता. हात जोडलेला माणूस दिसला की लोकांना गुन्हेगार सापडतो.

खरी गोष्ट अशी की त्याने सुरुवातीला काउंटर तपासला होता, भांडी वेगळी होती, डाव वेगळे होते. नंतर भाजी संपत आली तेव्हा मुदपाकखान्याने दुसरं भांडं मागच्या दाराने परस्पर पाठवलं. ते कुठल्या डावाने भरलं हे ज्याला ठाऊक होतं तो त्या दिवशीचा किचन इन्चार्ज, तोही वसईचाच. त्याने साफ कानावर हात ठेवले. हॉटेलने नवऱ्यावर गंभीर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला आणि कामावरून काढण्याची नोटीस दिली.

मुलगी तेव्हा बारावीत होती. तिचा व्हिसा बापाच्या व्हिसावर, कारण सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या ऑफिसात मी ॲडमिनचं काम करते तिथला माझा पगार तिला स्पॉन्सर करण्याइतका नव्हता. बापाची नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की पोरीने परीक्षेच्या तोंडावर बोजाबिस्तरा गुंडाळायचा. शिवाय असला ठपका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला इथलं दुसरं हॉटेल दारातही उभं करत नाही. एका हाडावर आमचं सगळं घर टांगलं होतं.

मात्र त्या हॉटेलचा एक नियम होता, आणि तो चांगला होता. नोकरीवरून काढायचं झालं तर शेवटचा निर्णय साहेबांनी घ्यायचा नाही. कर्मचाऱ्याच्या बरोबरीच्या पाच जणांनी घ्यायचा. पंच म्हणा हवं तर. त्यासाठी एक पारदर्शक डबा होता. पंचाचं प्रशिक्षण घेतलेल्या सगळ्या खात्यांतल्या, सगळ्या देशांच्या लोकांची नावं त्यात टाकायची. ज्याच्यावर आरोप आहे त्याने स्वतः हात घालून सात नावं काढायची, त्यातली नको असलेली दोन परत टाकायची, उरले ते पाच पंच. प्रकरणाशी संबंध असलेला कुणी नको, नात्यातला किंवा जवळचा कुणी नको. असा कुणी निघालाच तर त्याने स्वतः तसं सांगून बाजूला व्हायचं. मत गुप्त. हे सगळं कुणालाही वाचता येईल असं स्टाफच्या ॲपवर होतं. वाचायची तसदी आपल्या लोकांपैकी कुणी घेतली नव्हती, हा भाग निराळा.

डब्याची जबाबदारी होती एचआरमधल्या एका असिस्टंट मॅनेजरकडे. तो नवऱ्याच्या शेजारच्या वाडीतला. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले. एका संध्याकाळी तो केक घेऊन आमच्या घरी आला, आणि आल्या आल्या केकची किंमत सांगितली. त्याला राहवतच नाही. “पंचेचाळीस दिरहम वहिनी, म्हणजे आपले हजाराच्या वर.” मग सोफ्यावर पाय पसरून नवऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

“टेन्शन नको घेऊ रे हबीबी. उद्या सिलेक्शन आहे ना, डब्यात मी सगळी आपलीच माणसं टाकलीत. कुठूनही हात घाल, वसईच निघणार.”

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला त्याची दयाच आली.

“असं चालतं?” मी विचारलं. “नियमात तर सगळ्यांची नावं टाकायची असं आहे.”

“वहिनी, रूल्स काय, पेपरवर असतात. पॅनल ॲप्रूव्ह मीच करतो. कुठल्या कुठल्या फिलिपिनोच्या, मल्याळ्याच्या हातात याचं लाइफ द्यायचं का? गावात पंच बसायचे तेव्हा परगावचे आणून बसवत होते का कुणी? घरचं मॅटर घरात खलास करायचं.”

“आणि किचन इन्चार्ज? त्याचं नाव पण टाकलंय?”

“ऑफ कोर्स. तो पण आपलाच ना!”

मी कपाळावर हात मारला. ज्याच्या भांड्यातून हाड निघालं त्यालाच न्याय करायला बसवायचं, आणि वर ते उपकार म्हणून सांगायचं. पण हा माणूस लबाड नव्हता, हे मी आजही म्हणेन. लबाड माणसाला आपण काय करतोय ते कळतं. याच्या डोक्यात अजून वाडीतल्या वडाखालची पंचमंडळी बसलेली होती आणि दुबईतल्या हॉटेलचा डबा त्याला त्या वडासारखाच वाटत होता. नवरा मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होता. पाहुणा गेल्यावर मी म्हटलं, हे अंगाशी येईल. नवरा म्हणाला, “तुला आपल्या माणसांबद्दल चांगलं बोलताच येत नाही.” ते मात्र खरं आहे.

ठरल्याप्रमाणे झालं. नवऱ्याने डब्यात हात घातला, वसई निघाली. त्याला सातपैकी दोन नावं परत टाकायची मुभा होती. त्याने किचन इन्चार्जला ठेवला. का, तर त्याला परत टाकलं असतं तर वाईट वाटलं असतं! ज्या दिवशी पंच बसणार होते त्या दिवशी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यातला क्रूस आतून बाहेर काढून, हसत हसत गेला. दुपारी त्याचा फोन आला. आधी त्याने मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाला, “एकमताने.”

पाचही जणांनी त्याला दोषी ठरवलं होतं. पाचच्या पाच.

यापुढचा प्रकार लिहिताना मला अजून हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही. त्या आठवड्यात त्या पाचही जणांचे फोन आले, एकेकाचे, वेगवेगळे. पहिला म्हणाला, “बाकीच्यांचं माहीत नाही, पण माझं व्होट तुझ्या फेव्हरमध्ये होतं.” दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याने वर देवाची शपथ घेतली. किचन इन्चार्ज तर फोनवर रडला. नवरा प्रत्येकाला “थँक यू, थँक यू” म्हणत होता. एकमत म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. पाच मतं विरुद्ध पडलीत, मी म्हटलं, तर बाजूने पडलेली ही पाच कुठून आली? तो म्हणाला, “जाऊ दे गं, त्यांनाही वाईट वाटतंय.” एवढी मूर्ख क्षमाशीलता मी तरी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

घरी मात्र यापैकी कुणी फिरकलं नाही. आली ती एकटी, त्याच हॉटेलात हाउसकीपिंगला असलेली आमच्याकडचीच एक मुलगी. मुलगी म्हणजे माझ्यापेक्षा लहान, तेव्हा पोटुशी होती. कामावरून सुटून बस बदलत बदलत ती डबाभर फुगे तळून घेऊन आली. आमच्या लग्नाकार्यात लागतात ते गोड फुगे, दुःखाच्या घरी कुणी आणत नाही. तिला तेवढंच चांगलं करता यायचं. ती म्हणाली, “ताई, हे राँग झालंय. मला बोलता येत नाही, पण हे राँग झालंय.” एवढंच बोलून ती माझी भांडी घासायला लागली. त्या महिन्यात माझ्या घरात आलेलं ते एकमेव शहाणं माणूस होतं.

त्या पाचांनी असं का केलं हे मला चर्चच्या आवारात कळलं. पंचांमध्ये हॉटेलच्या स्पा रिसेप्शनवरची एक बाई होती. चर्चमध्ये गायनाला पहिल्या रांगेत उभी राहते आणि वरचा सूर लागला की डोळे मिटते. मी तिला पार्किंगपाशी गाठलं आणि सरळ विचारलं. आधी तिने माझा हात हातात घेतला, मग डोळे पुसले, आणि मग बोलली.

“तूच बघ ना, आम्ही पाचही वसईचे. आम्ही त्याला सोडला असता तर सगळं हॉटेल काय म्हणालं असतं? आपला म्हणून सोडला. मग आमची इमेज काय राहिली? आपल्या कम्युनिटीचं नाव खराब नको व्हायला.”

“तुम्हाला तो दोषी वाटला का?” मी विचारलं.

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी भलतंच काही विचारलं. त्याच्याबद्दल तिने विचारच केला नव्हता. पाचांपैकी कुणीच केला नव्हता. ते सगळा वेळ स्वतःबद्दल विचार करत बसले होते, आणि त्यासाठी त्यांना हॉटेलने चहा आणि सँडविच दिलं होतं. मी तिचा हात सोडला आणि गाडीत येऊन बसले. त्या दिवशी मला या लोकांची जी शिसारी आली ती पुढे कधी पुरती गेली नाही.

आता करायचं काय? मला वाट एकच दिसत होती. पंच निवडलेच चुकीचे, म्हणून त्यांचा निर्णय रद्द. वसईला असताना लग्नाआधी मी कोर्टातल्या एका वकिलाकडे टायपिंग करत असे, तेव्हा एवढं ऐकून माहीत होतं की न्याय करणारा चुकीच्या पद्धतीने बसवलेला असेल तर त्याने बरोबर न्याय केला की चूक हे पाहतच नाहीत, आधी त्याला उठवतात. मी तसा अर्ज लिहिला आणि नवऱ्यापुढे ठेवला. त्याने वाचला आणि तोंड पाडलं.

“यात त्याचं नाव येणार. त्याने डबा भरला हे लिहिलंयस.”

“मग कुणी भरला?”

“त्याची नोकरी जाईल.”

“आणि तुझी?”

“त्याने माझ्यासाठी केलं,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “आणि मला माहीत होतं. मी हात घातला तेव्हा मला माहीत होतं.”

हीच तर मेख होती. ज्या डब्याविरुद्ध तक्रार करायची तो डबा याच्याच सोयीसाठी भरला होता, आणि याला ते ठाऊक होतं. निकाल बाजूने लागला असता तर आम्ही केक कापला असता. हे मलाही समजत होतं. पण म्हणून गप्प बसून पोरीचं वर्ष घालवायचं? आमचं भांडण चालू असताना मुलगी आतून पुस्तक घेऊन बाहेर आली. तिच्याशी आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

“डॅडी, जस्ट टेल द ट्रूथ. व्हाय इज इट सो हार्ड फॉर यू पीपल?”

यू पीपल! जणू ती कुठल्या दुसऱ्याच वाडीतली. पण त्या घरात तेवढंच एक वाक्य कामाचं बोललं गेलं.

हॉटेलच्या मोठ्या साहेबांना अर्ज दिला. तो गोरा माणूस, बोलायला फार गोड. पॅनलचा निर्णय अंतिम असतो आणि व्यवस्थापन त्यात हस्तक्षेप करत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. खाली ‘वॉर्म रिगार्ड्स’. मग मी कामगार खात्याकडे तक्रार नोंदवली. चर्चमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकेक जण येऊन समजावून गेला. वहिनी, आपल्या माणसाला कुठे सरकारदरबारी खेचता, इथे पोलीस-कोर्ट फार वाईट, इन्शाल्ला दुसरी नोकरी मिळेल. निकाल लागला तेव्हा मूग गिळून बसलेल्यांना आता एकदम कंठ फुटला होता. एका काकांनी तर मला प्रेषितांच्या पत्रातला उतारा ऐकवला, की ख्रिस्ती माणसांनी आपसातली भांडणं परक्यांपुढे नेऊ नयेत. मी म्हटलं, अंकल, तुमचा मुलगा त्या पाचात होता, त्याला कुठला उतारा ऐकवला होता? ते परत आले नाहीत, हा त्यातला फायदा.

खात्यात आमच्या तक्रारीवर एक इमाराती बाई होती. काळा अबाया, बोटात पेन, आवाज अगदी हळू. समोर एका बाजूला आम्ही नवराबायको, दुसऱ्या बाजूला हॉटेलचा वकील आणि तो एचआरवाला. त्याने नवऱ्याकडे पाहून डोळ्यांनीच विनवणी केली. बाईने हॉटेलची नियमावली आधी वाचलेली होती. तिला त्या हाडात, पनीरमध्ये, म्हातारीत काही रस नव्हता. तिने वकिलाला इंग्रजीत विचारलं की प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी किती आणि डब्यात नावं किती होती. वकिलाने एचआरवाल्याकडे पाहिलं. एचआरवाल्याने टेबलाकडे पाहिलं. मग तो म्हणाला की काही लोक सुट्टीवर होते, शिफ्टचा प्रॉब्लेम होता.

बाई माझ्या नवऱ्याकडे वळली. “ही नावं तू स्वतः काढलीस?”

“येस मॅडम.”

“डब्यात कुणाची नावं आहेत ते तुला ठाऊक होतं?”

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझी खात्री होती की हा आता माफी मागणार आणि सगळ्यावर पाणी ओतणार. त्याने एकदा एचआरवाल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “येस मॅडम. आय न्यू. ही इज माय फ्रेंड, ही डिड इट टू हेल्प मी. आय ॲम सॉरी.” माफी मागितलीच, पण खरं सांगून मागितली. त्या एका क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. लिहून ठेवते, कारण पुढे तसं लिहायचं कारण मिळालं नाही.

बाईने जरा वेळ पेन फिरवलं. म्हणाली, तुला ठाऊक असून तू बोलला नाहीस, ही गोष्ट चांगली नाही. पण डबा भरणं हे कंपनीचं काम होतं, तुझं नव्हतं, आणि ज्याच्या स्वयंपाकघराबद्दल वाद आहे तो पंचांत बसूच शकत नव्हता. कंपनीने स्वतःचा नियम मोडून घेतलेल्या निर्णयावर तुला काढता येणार नाही. वकिलाच्या ते आधीच लक्षात आलेलं असावं, त्याने लगेच मान हलवली. जुना निर्णय मागे, नवे पंच, आणि डबा या वेळी दुसऱ्या खात्यातल्या माणसांसमोर भरायचा. “खलास,” बाई म्हणाली आणि पुढची फाइल ओढली.

दुसऱ्या वेळी नवऱ्याच्या हाताला जी नावं लागली त्यांतलं एकही त्याला नीट उच्चारता येत नव्हतं. एक इजिप्तची, एक फिलिपिनो, एक नेपाळी, केनियाचा एक आणि श्रीलंकेची एक बाई. या परक्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की दुसरं भांडं कुणी पाठवलं. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते मागवून पाहिलं. आपल्या पाच जणांना एवढंही सुचलं नव्हतं, कारण त्यांना ते पाहायचंच नव्हतं. नवरा निर्दोष सुटला आणि पोरगी परीक्षेला बसली.

एचआरवाल्याला राजीनामा द्यायला लावला. आता तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका कारखान्याच्या कामगारांच्या खोल्यांवर देखरेख करतो. कुणाला कुठली कॉट द्यायची ते तो ठरवतो, आणि एकेका गावचे एकेका खोलीत घालतो असं ऐकलं. चर्चमध्ये त्याचा दोष मला लागला. आणि नवऱ्याचं सुटणं कुणाच्या खाती जमा झालं? पुढच्याच रविवारी गायनातल्या त्या बाईने सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही सगळ्यांनी नऊ दिवसांचा नोव्हेना केला होता. आपल्या माणसांच्या प्रार्थनेला फळ आलं म्हणून टाळ्या वाजल्या. नवऱ्यानेही वाजवल्या.

इथे हा किस्सा संपला असता तर मी तो लिहिलाही नसता. मूर्ख माणसांचे किस्से लिहायला बसलं तर उठायला नको.

त्यानंतर नवऱ्याने मोठ्या उत्साहाने पंचाचं प्रशिक्षण घेतलं. त्याचं प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं आहे. ज्यातून मी गेलो त्यातून दुसरा कुणी जाऊ नये, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. फुगे घेऊन आलेल्या त्या मुलीला मुलगा झाला, आणि तिने आमच्या नवऱ्याला त्याचा गॉडफादर केलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातात धरून हा एवढा रडला की फादरना थांबावं लागलं.

मग एक दिवस त्या मुलीवरच पाळी आली. गेस्टचा नवरा आहे असं सांगून एका माणसाने तिच्याकडून खोली उघडून घेतली. तो नवरा होता, पण त्या बाईने ज्याच्यापासून लपून खोली घेतली होती तोच. तिने तक्रार केली. मुलीचं म्हणणं, रिसेप्शनला फोन करून विचारलं, त्यांनी उघड म्हणून सांगितलं. रिसेप्शनने हात झटकले. नोटीस, डबा, सात नावं. डबा या वेळी रीतसर भरलेला होता. आणि तिने हात घातला तर निघालं माझ्या नवऱ्याचं नाव. ती इतकी खूश झाली की तिने आधी मला फोन केला. “ताई, बघा ना, देवानेच दिलं.” दोन नावं तिने परत टाकली, हे ठेवलं.

मी नवऱ्याला विचारलं, तू सांगितलंस ना तिच्या पोराचा गॉडफादर आहेस म्हणून? बाजूला होणार ना? तो म्हणाला, “ते पर्सनल आहे. मी ऑब्जेक्टिव्ह राहीन.” हा शब्द त्याला त्या प्रशिक्षणात मिळाला होता.

निकालाच्या दिवशी तो घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. इंदेलाच्या रश्श्यातलं मांस त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी विचारलं, काय झालं.

“गेली बिचारी,” तो म्हणाला. “तीन-दोन.”

“तुझं?”

त्याने पाव रश्श्यात बुडवला. “माझं काय विचारतेस. सगळ्यांना माहीत आहे आमचे फॅमिली टर्म्स. मी तिच्या बाजूने व्होट केलं असतं तर उद्या कुणी म्हणालं असतं, आपली म्हणून सोडली.”

पाच जणांनी त्याला सांगितलेलं नव्हतं, चर्चच्या पार्किंगमध्ये त्या बाईने काय म्हटलं होतं ते मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून. हे वाक्य त्याने कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आतून आलेलं, तंतोतंत तेच.

“रिसेप्शनला फोन गेला होता का, ते कुणी मागवून पाहिलं?”

“एक श्रीलंकावाला म्हणत होता, मागवा म्हणून. पण उशीर झाला होता.”

तेवढ्यात फोन वाजला. तीच होती. रडत नव्हती, आवाज फक्त बारीक झाला होता. पोरगं मागे किंचाळत होतं. तिला अर्थातच तिचा पंच कुठल्या बाजूने गेला ते ठाऊक नव्हतं. “दादांनी ट्राय केलं असेल ताई,” ती म्हणाली. “पण तुम्ही तेव्हा ते कसं केलं होतं, लेबरमध्ये? मला लिहून द्याल का?”

मी म्हटलं, देते. ताटं तशीच ठेवून मी त्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. पंचांची निवड नियमाविरुद्ध असल्याबाबत, असा विषय टाकला. जुना अर्ज जवळच होता, बरंचसं तेच चालत होतं, फक्त कारण बदलायचं होतं. नवरा पाव चावत माझ्या बोटांकडे बघत होता.

“कुणाच्या अगेन्स्ट लिहितेस?”

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पंचांपैकी एक जण अर्जदाराच्या मुलाचा धर्मपिता असून त्याने ही गोष्ट लपवून ठेवली, असं तिथे होतं, आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. त्याने ते दोनदा वाचलं.

“आपल्याच माणसाच्या विरोधात?” तो म्हणाला.

“स्टाफ नंबर सांग,” मी म्हटलं.